काचेच्या पेटींतील समुद्र व नाजूक रॅस मासे

शतपथ ब्राह्मणांतील मनूची व माशाची कथा आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. सकाळीं हात धुण्याच्या पाण्यांतून एक लहानसा मासा मनूच्या हातीं आला व आपलें पालन करावें अशी त्यानें विनंति केली. मनूनें त्यास प्रथम कुंभांत ठेवलें. तेथें तो मावेनासा झाला तेव्हां खड्डा खणून त्यांत ठेवलें. आणि तोही अपुरा पडूं लागला तेव्हां समुद्रांत नेऊन सोडलें. पुढें प्रलय आला व त्या माशानें मनूची नाव ओढून नेली, हा उत्तरार्ध सर्वांच्या लक्षांत राहतो. आम्हांस मात्र पूर्वार्ध अधिक विचार करण्यासारखा वाटतो. आपणांस काय हवें तें माशानें सांगितलें व पालकानें त्याप्रमाणें भांडें बदललें. आहे या भांड्यांत राहून पाहा, असें मनु म्हणाला नाहीं.

ही कथा येथें काढण्याचें कारण असें कीं, अलीकडे शहरांतील कांहीं सुखवस्तु घरांत समुद्राच्या माशांची काचपेटी दिसूं लागली आहे. नातवंडें हट्ट धरतात, मिळवते चिरंजीव पैसे खर्च करतात, आणि दिवसभर पेटीवर लक्ष ठेवण्याचें काम घरांतील वडील मंडळींकडे येतें. दुकानांत जो मासा इंद्रधनुष्यासारखा झळकत होता तो घरीं आल्यावर आठ-पंधरा दिवसांत मरतो, मग दुसरा आणला जातो, तोही मरतो. घरांतील माणसें नशिबास बोल लावतात. परंतु नशिबाचा यांत संबंध थोडा. ज्या माशाची राहणी आपण जाणून घेतली नाहीं तो आपल्या घरीं जगावा कसा? म्हणून या माशांपैकीं जे अतिशय सुंदर व तितकेच नाजूक, त्या रॅस कुळांतील माशांविषयीं चार गोष्टी येथें सांगण्याचें योजिलें आहे.

हे मासे कोण?

समुद्राचें पाणी काचेंत जिवंत ठेवण्याची विद्या फार जुनी नाहीं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत लोकांसाठीं मत्स्यगृह उघडलें तें १८५३ सालीं. त्याच्या दुसऱ्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस यांनीं या विषयावर ग्रंथ लिहिला. आपल्याकडे मुंबईस मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं सुरू झालें व त्यानंतर कित्येक पिढ्यांतील मुलांनीं समुद्राचे मासे प्रथम पाहिले ते तेथेंच.

रॅस हा शब्द मूळचा कॉर्नवॉल प्रांतांतील असून त्याचा अर्थ म्हातारी असा आहे. शास्त्रज्ञ या कुळास लॅब्रिडी म्हणतात. त्यांतील धातु लॅटिन भाषेंतील ओठ या अर्थाचा आहे. जर्मन लोकही यांस ओठाळ मासे याच अर्थाच्या शब्दानें ओळखतात. ओठ जाड व पुढें आलेले असल्यामुळें हीं नांवें पडलीं. या कुळांत पांचशेंहून अधिक जाति आहेत. दोन मीटरांहून लांब वाढणारा नेपोलियन रॅस याच कुळांतला आणि बोटभर लांबीचे मासेही याच कुळांतले. शोध अद्याप संपलेला नाहीं. आपल्या शेजारच्या मालदीव बेटांजवळील खोल पाण्यांतल्या एका गुलाबी जातीस २०२२ सालीं फिनिफेन्मा, म्हणजे तेथील भाषेंत गुलाब, असें नांव देण्यांत आलें. तिच्या वर्णनकर्त्यांत अहमद नजीब हे मालदीवचेच संशोधक होते.

घरच्या पेटीसाठीं लोक ज्या जाति आणतात त्यांचे, झोंपण्याच्या रीतीवरून, दोन वर्ग पडतात. फेअरी व फ्लॅशर या नांवांचे रॅस रात्रीं खडकाच्या खोबणींत शिरतात व आपल्या भोंवतीं स्वतःच्याच बुळबुळीत स्रावाचा पातळ कोश विणून त्यांत निजतात. त्यांचा जवळचा नातेवाईक जो पोपटमासा, त्यावर झालेल्या प्रयोगांत असें दिसून आलें कीं, रात्रीं रक्त शोषणाऱ्या सूक्ष्म परोपजीवी प्राण्यांपासून असा कोश माशाचें रक्षण करतो. एका अर्थीं ती त्याची मच्छरदाणीच. दुसरा वर्ग लेपर्ड रॅस, हॅलिकोरिस वगैरे माशांचा. हे सूर्यास्ताच्या सुमारास वाळूंत सूर मारतात व सकाळ होईपर्यंत वाळूखालींच राहतात. यांपैकीं अंगभर चित्त्यासारखे ठिपके असलेला लेपर्ड रॅस सर्वांत मनोहर व सांभाळण्यास सर्वांत अवघड. त्याच्या शास्त्रीय नांवाचा, मॅक्रोफॅरिंगोडॉन या शब्दाचा, अर्थ 'घशांत मोठा दांत असलेला' असा आहे. या दातानें तो शंखशिंपल्यांतील व कवचांतील बारीकसारीक जीव भरडून खातो. त्याच्या सर्व नाजुकपणाचें मूळ याच आहारांत आहे, हें पुढें ध्यानांत येईल.

या कुळाची आणखी एक गोष्ट नवल वाटण्यासारखी आहे. यांतील बहुतेक जातींत मासा प्रथम मादी असतो व पुढें प्रसंगानें नर होतो. दुसऱ्या माशांचें अंग साफ करणाऱ्या क्लीनर रॅस जातीविषयीं रॉबर्टसन या शास्त्रज्ञानें १९७२ सालीं असें दाखवून दिलें कीं, एका नराबरोबर राहणाऱ्या मादींच्या समूहांतून नर नाहींसा झाला म्हणजे सर्वांत वरिष्ठ मादी कांहीं तासांतच त्याच्यासारखी वागूं लागते व सुमारें दोन-अडीच आठवड्यांत खरोखर नर बनते. व्यवहाराच्या दृष्टीनें यांतून एक बोध घ्यावयाचा. दुकानांतला भडक रंगाचा मोठा नर आणण्यापेक्षां लहान वयाच्या दोन माद्या एकदम आणाव्या. त्या नव्या जागेस लवकर रुळतात व त्यांतील थोरली पुढें आपोआप नर होण्याचा संभव असतो. दोन नर एकत्र ठेवणें म्हणजे रोजचें भांडण विकत घेणें होय.

पेटी व पाणी

दिवसभर पोहत हिंडणाऱ्या या माशांस चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच, म्हणजे सुमारें २५० लिटर पाण्याची पेटी निदान हवी. पाणी, दगड, वाळू व काच धरून तिचा भार साडेतीनशें किलोंच्या पुढें सहज जातो; म्हणून जुन्या वाड्याच्या लांकडी माडीवर ती ठेवण्यापूर्वीं जाणत्या माणसास विचारावें.

पाणी खारें करण्यास स्वयंपाकाचें मीठ चालत नाहीं. समुद्राच्या पाण्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरे अनेक द्रव्यें असतात. तीं योग्य प्रमाणांत असलेलें खास मीठ विकत मिळतें. एका लिटरास सुमारें ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे १.०२५ च्या आसपास विशिष्ट गुरुत्व, हें प्रमाण राखावें. पाणी उडून जातें तेव्हां मीठ मागें राहतें, ही गोष्ट शाळेंतील मुलासही माहीत असते. तथापि कमी झालेलें पाणी पुरें करतांना पुष्कळ लोक पुन्हां खारेंच पाणी ओततात. रोजची तूट शुद्ध गोड्या पाण्यानेंच भरून काढावी.

तापमान २४ ते २६ अंश असावें. वैशाखांतील आपल्याकडील उष्मा माशांस सोसत नाहीं, कारण पाणी जसें तापतें तसा त्यांतील प्राणवायु कमी होतो. पाणी थंड करणारें यंत्र परवडत नसेल तर पेटीवर वारा घालणारा पंखा ठेवावा. वीज गेल्यावरही हवा सोडीत राहील असा बॅटरीवरचा लहान पंप घरांत असलाच पाहिजे.

परंतु या सर्वांहून महत्त्वाची वस्तु डोळ्यांस दिसत नाहीं. माशाच्या मलमूत्रापासून अमोनिया हें विष तयार होतें. कांहीं सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट करतात, दुसरे जंतु त्याचें नायट्रेट करतात, व हें शेवटचें द्रव्य पुष्कळच निरुपद्रवी असून थोडें थोडें पाणी बदलल्यानें आटोक्यांत राहतें. हे जंतु दगडांवर व वाळूंत वस्ती करीपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. तोंपर्यंत पेटींत एकही मासा घालूं नये. लेपर्ड रॅससाठीं तर एवढ्यानेंही भागत नाहीं. दगडांच्या सांदींत तिळाहून बारीक असे कवचधारी जीव वाढावे लागतात, कारण हा मासा दिवसभर तेच टिपीत असतो. त्याकरितां निदान सहा महिने जुनी पेटी हवी. पेटी आज मांडली व रॅस रविवारीं आणला, असें करणारांनीं माशाच्या मरणाचा मुहूर्तच धरला म्हणावयाचा.

दगडांविषयीं एक सूचना अवश्य करावीशी वाटते. परदेशच्या पुस्तकांत प्रवाळाचे जिवंत दगड घालावे असें लिहिलेलें आढळेल. आपल्या देशांत वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत प्रवाळांचा समावेश २००१ सालीं झाला आहे. किनाऱ्यावरून प्रवाळ आणणें गुन्हा आहे. मालवणचा समुद्र तर १९८७ पासून अभयारण्य आहे. भट्टींत भाजून तयार केलेले सच्छिद्र दगड मिळतात, त्यांवर जंतूंची वस्ती चांगली होते.

वाळू व झांकण

वाळूंत निजणाऱ्या माशास वाळू म्हणजेच अंथरूण-पांघरूण. ती चुनखडीच्या जातीची, जाड रव्याएवढी बारीक व दोन ते तीन इंच खोल असावी. टोंकदार खड्यांचा थर असला तर सूर मारतांना तोंड व अंग सोलवटतें, जखम चिघळते, मासा खाणें टाकतो. वाळू मुळींच नसेल तर तो रात्रभर जागा मिळविण्यासाठीं काचेवर धडका देत राहतो.

झांकणाशिवाय रॅस ठेवूं नये. समुद्रांत भय वाटलें कीं तो उसळून पळतो. वर छत असेल ही कल्पना त्यास नाहीं. अंधाऱ्या खोलींत एकाएकीं दिवा लागणें, दार आपटणें, दिवाळींतला फटाका, एवढें निमित्त पुरतें. सकाळीं केर काढणारास मासा फरशीवर वाळलेला सांपडतो. पाव इंचाच्या घरांची पातळ जाळी चौकटींत ताणून बसवावी. नळ्या व तारा आंत जातात ते कोपरेही बंद करावे, कारण मासा नेमकी तीच फट शोधून काढतो.

नवा पाहुणा आल्यावर

मासा निवडतांना दुकानांत अर्धा तास उभें राहावें. पोट खपाटीस गेलेलें नसावें, ओठ सुजलेले नसावे, डोळे चौफेर फिरत असावे, श्वास संथ असावा. पिशवींतून दूरचा प्रवास करतांना वाळूंत शिरण्याच्या धडपडींत या माशांचीं तोंडें फुटतात. दुकानदारास आपल्यासमक्ष खाऊं घालण्यास सांगावें. जो मासा तेथें खात नाहीं तो आपल्या घरीं खाईल अशी आशा धरूं नये. तसेंच तो जाळ्यानें धरलेला आहे ना, हेंही विचारावें. फिलिपाइन्समध्यें १९६० नंतरच्या दशकांत सायनाइड फवारून मासे बधिर करून धरण्याची दुष्ट रीति सुरू झाली व पुढें ती इतरत्रही पसरली. तिच्यामुळें प्रवाळ मरतात व धरलेले मासेही पुष्कळदां मागाहून दगावतात.

घरीं आणल्यावर लेपर्ड रॅस बहुधा लगेच वाळूंत गडप होतो आणि दोन-तीन दिवस, क्वचित् आठवडाभर, दिसतच नाहीं. ज्या समुद्रांतून तो आला तेथील दिवस-रात्र आपल्याहून निराळी. त्याच्या शरीरांतील घड्याळ अजून तिकडच्या वेळेवर चालत असतें. अशा वेळीं तो मेला समजून घरची मुलें वाळू उकरूं लागतात. तसें कदापि करूं देऊं नये. रोज ठराविक वेळीं दिवा लावावा व मालवावा, थोडें अन्न टाकावें आणि वाट पाहावी. थोड्या दिवसांनीं तो आपल्या सकाळीं उठूं लागतो.

मुख्य पेटींत सोडण्यापूर्वीं चार ते सहा आठवडे नवा मासा वेगळ्या लहान पेटींत ठेवणें इष्ट. पांढऱ्या ठिपक्यांचा जो रोग सर्वांस ठाऊक आहे त्याचा परोपजीवी जंतु माशाच्या अंगावर पुष्ट होऊन गळून पडतो, तळाशीं चिकटतो व कांहीं दिवसांनीं फुटून त्यांतून शेंकडों जंतु बाहेर पडतात. ते बाहेर पडण्यापूर्वींच, दर तिसऱ्या दिवशीं, मासा स्वच्छ कोरड्या केलेल्या दुसऱ्या पेटींत नव्या पाण्यांत हलवीत गेलें म्हणजे चार फेऱ्यांत रोग मागें राहतो व औषधावांचून काम होतें. निजण्यासाठीं एका काचेच्या वाडग्यांत प्रत्येक वेळीं नवी वाळू द्यावी. दुकानांत या रोगावर तांब्याचें औषध देतात. पण रॅस माशांस तांबें फार जपून द्यावें लागतें. शिवाय चुनखडीची वाळू तें शोषून घेते, त्यामुळें मात्रा कमी-जास्त होते. अंगावर सोनेरी भुकटी पडल्यासारखी दिसूं लागली व श्वास जलद झाला, तर तो निराळा व अति त्वरेनें मारणारा रोग असतो. त्यास वरील उपाय पुरत नाहीं. त्याच दिवशीं जाणत्याचा सल्ला घ्यावा.

सोबती शांत असावे. डॅमसेल, ट्रिगर किंवा सहा पट्ट्यांचा भांडखोर रॅस यांच्या त्रासानें नवा मासा उपाशी राहतो. क्लाउन मासा, गोबी यांचें त्याशीं जमतें. क्लीनर रॅस मात्र घरीं आणूंच नये. त्याचा चरितार्थ शेंकडों माशांच्या अंगावरील किडे वेंचण्यावर चालतो. चार माशांच्या पेटींत तो उपासमारीनें मरतो. आरशांतील आपल्या अंगावरचा डाग ओळखून तो घांसून काढण्याचा यत्न करणारा मासा म्हणून २०१९ सालीं जपानांतील संशोधकांनीं ज्याचें वर्णन केलें तो हाच.

अन्न व आपला आचार

आतां एका नाजूक प्रश्नाकडे येतों. रॅस मासा मांसाहारी आहे. कणकेच्या गोळ्या, पोळीचे तुकडे, कुंडांतल्या माशांस आपण घालतों त्या लाह्या, यांवर तो जगत नाहीं. त्यास गोठविलेली बारीक कोळंबी, मायसिस, आर्टेमिया, व शक्य तर जिवंत कोपेपॉड द्यावे लागतात. तेही एकदम पुष्कळ नव्हे, दिवसांतून तीन-चार वेळां थोडें थोडें, कारण दिवसभर टिपीत राहणें हा त्याचा स्वभाव असून त्याच्या अंगीं चरबीचा सांठा फारसा नसतो. दोन दिवसांची उपेक्षाही त्याच्या पोटावर दिसूं लागते.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं हें अन्न स्वयंपाकघरांतील शीतकपाटांत ठेवणें सासूबाईंस किंवा आजींस रुचणार नाहीं, आणि त्यांच्या भावनेचा उपहास करण्याचें कारण नाहीं. मासा आणण्यापूर्वींच या गोष्टीचा घरांत सर्वांसमक्ष निर्णय व्हावा. निराळें लहान शीतकपाट, निराळें भांडें, निराळी कात्री, एवढी सोय करतां आली तर मार्ग निघतो. तीही मान्य नसेल तर रॅस आणूं नये. गोड्या पाण्यांतील शाकाहारावर राहणारे मासे पाळावे. मात्र मासा आणून त्यास आपला आचार शिकविण्याचा यत्न करणें योग्य नव्हे. माशाला उपवास घडवून आपल्या पदरीं पुण्य पडत नाहीं. ज्याला आश्रय दिला त्याला त्याचें स्वाभाविक अन्न देणें हा आश्रयदात्याचा धर्म आहे, असें आम्हांस वाटतें.

घरांतील कांहीं नियम

एकत्र कुटुंबांत पेटीचे मालक अनेक व जबाबदार कोणीच नाहीं, अशी स्थिति होऊं नये. अन्न घालणारी व्यक्ति एकच असावी व तिच्या गैरहजेरींत कोणी घालावें हें ठरलेलें असावें. नाहींतर प्रत्येकजण येतां-जातां चिमूट टाकतो आणि पाणी नासतें. क्षार, तापमान, अमोनिया यांची नोंद एका वहींत रोज व्हावी. हें काम दहा-बारा वर्षांच्या मुलाकडे द्यावें. विज्ञानाचा याहून चांगला धडा शाळेंतही मिळणार नाहीं.

तांब्याचीं व पितळेचीं भांडीं पेटीच्या पाण्यास लावूं नयेत. देवपूजेंतील ताम्हन, पळी, गडू आपल्याला पवित्र खरे. पण खाऱ्या पाण्यांत विरघळलेलें अल्पसें तांबेंही कोळंबी-शिंपल्यांस व कोपेपॉडांस मारक ठरतें. तीर्थाचे थेंब व नाणीं यांसही तोच नियम लागू आहे. पेटीजवळ उदबत्ती-धुपाचा धूर, डासांचें औषध, फिनेलचा शिडकावा टाळावा. पाण्यांत हात घालण्यापूर्वीं तो साबणाविना स्वच्छ धुवावा.

शेवटीं आणखी एक गोष्ट सांगून लेख पुरा करतों. बाजारांत येणारे रॅस मासे बहुतेक सर्व समुद्रांतूनच धरून आणलेले असतात. घरच्या पैदाशीचे फार विरळ. म्हणजे आपल्या पेटींतील प्रत्येक माशाच्या मागें कोठेंतरी एक रिकामी झालेली जागा असते. ज्या घरांत सहा महिने वाट पाहण्याचा धीर आहे, नित्य काळजी घेणारा एक माणूस आहे व अन्नाचा प्रश्न सर्वसंमतीनें सुटला आहे, त्यानें हा पाहुणा खुशाल आणावा. चांगल्या घरांत तो कित्येक वर्षें नांदतो व पाहणाराचे डोळे निवतात. ज्या घरांत यांतील एकाही गोष्टीची उणीव असेल त्यानें सुटींत लक्षद्वीपच्या प्रवाळांत हे मासे त्यांच्या स्वतःच्या घरीं पोहतांना पाहून यावें. तेवढ्यानेंही मुलांची हौस भागेल, आणि कोणाही जिवाचें पालन करण्यापूर्वीं त्यास काय हवें हें आधीं विचारावयाचें असतें, एवढी गोष्ट त्यांच्या मनावर कायमची ठसेल.